डेटाबेस आहेत, पासवर्ड आहेत, पोरं मात्र गूगलवरच. काय करावं?

मधली_सुट्टी

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्र शिकवते. दर सत्रात मुलांनी एक संदर्भ-निबंध लिहायचा असतो. विषय स्वतःचा, किमान सहा संशोधन-लेख वाचून, हजार-दीड हजार शब्द. ग्रंथालयाने चांगले डेटाबेस, म्हणजे संशोधन-लेख शोधायचे संग्रह, घेतलेले आहेत. सत्राच्या पहिल्या आठवड्यात ग्रंथपाल तासभर प्रात्यक्षिक देतात, अगदी मनापासून. मी मागच्या बाकावर बसते. मुलं माना डोलावतात.

आणि निबंध हातात येतात तेव्हा संदर्भांत काय असतं? दोन ब्लॉग, एक बातमी, गाद्या विकणाऱ्या कुठल्याशा संकेतस्थळावरचा 'तज्ज्ञांचा सल्ला', आणि दोन पेपर, ज्यांचा फक्त सारांश वाचलाय हे पहिल्याच वाक्यात कळतं.

यंदा त्यात भर पडली. एकाने दिलेल्या सहा पेपरांपैकी दोन अस्तित्वातच नव्हते. लेखकांची नावं खरी, जर्नल खरं, खंड-अंकही खरा, पण त्या पानांवर भलताच लेख. चॅटबॉटकडून यादी घेतली होती. झापायला म्हणून बोलावलं तर म्हणाला, "मॅडम, मी आधी डेटाबेसमध्येच शोधलं होतं. झिरो रिझल्ट्स आले. मला वाटलं या विषयावर कुणी काही केलेलंच नाही."

विषय होता मोबाईल आणि झोप!

म्हटलं, कसं शोधलंस ते करून दाखव. त्याने माझ्यासमोर शोधचौकटीत अख्खा प्रश्न टाइप केला, 'मोबाईल वापरल्यामुळे कॉलेजमधल्या मुलांच्या झोपेवर काय परिणाम होतो?', इंग्रजीत, प्रश्नचिन्हासकट. शून्य.

माझा राग तिथेच विरला. तासभराच्या प्रात्यक्षिकाला हा मुलगा हजर होता, मी सही बघितली. म्हणजे तो तासच आपण चुकीचा घेतोय का? इथे ग्रंथपाल, शिक्षक, विद्यार्थी सगळेच आहेत, म्हणून धागा काढला.

शेवटचा_बाक

विद्यार्थी पक्षातर्फे. मॅडम, त्या तासाला आमच्याकडे विषयच नसतो हो. पहिल्या आठवड्यात कुणाला माहीत असतं आपण कशावर लिहिणार? मग पडद्यावर डेटाबेसची ए ते झेड यादी सरकत राहते, निम्मी नावं नुसती आद्याक्षरं, आणि आम्ही टेबलाखाली मोबाईल. (हो, झोपेवर परिणाम करणारा तोच.)

दुसरं म्हणजे लॉगिन. घरून एखादा पेपर उघडला की प्रकाशकाचं पान पैसे मागतं. कॉलेजच्या वायफायवर तोच फुकट उघडतो. बाहेरून यायचं असेल तर ग्रंथालयाच्या पानावरून, तिथला पासवर्ड टाकून आत शिरायचं असतं, हे मला तिसऱ्या वर्षात कळलं. तेही मैत्रिणीकडून. तोवर मी समजत होतो की पेपर वाचणं हा पैसेवाल्यांचा छंद आहे.

जुनी_नोंदपत्रिका

ग्रंथालयात आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी त्या मुलाचं शून्य. गूगल तुमच्या चुका पोटात घालतं. वाक्य टाका, अर्धवट टाका, स्पेलिंग चुकवा, ते अंदाज बांधून काहीतरी देतंच. बरेचसे डेटाबेस अंदाज बांधत नाहीत. तुम्ही बारा शब्द दिलेत तर बाराच्या बारा ज्या नोंदीत आहेत ती शोधायला जातात. तशी नोंद नसते. मुलांचा हात गूगलवर बसलेला, त्यामुळे शून्य दिसलं की 'माझे शब्द चुकले' हे मनात येतच नाही, 'माहिती नाही' असंच वाटतं. हा गैरसमज तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत मोडायला हवा. बाकी सगळं नंतर.

मी असं करतो. मुलाला स्क्रीनकडे बघूच देत नाही. कागद घे म्हणतो. तुझ्या प्रश्नातल्या वस्तू किती? मोबाईल, झोप, कॉलेजची मुलं. तीन. 'परिणाम', 'कसा', 'काय' यांना फुली मार. आता प्रत्येक वस्तूखाली तिची दुसरी नावं लिही. मोबाईलखाली स्मार्टफोन, सेल फोन, स्क्रीन टाइम. झोपेखाली स्लीप, इन्सॉम्निया. मुलांखाली कॉलेज स्टुडंट्स, अंडरग्रॅज्युएट्स, यंग अडल्ट्स. प्रगत शोधाच्या पानावर बहुधा तीन चौकटी एकाखाली एक असतातच. एका चौकटीत एका वस्तूची सगळी नावं, मध्ये 'ऑर' घालून. चौकटी एकमेकींना 'अँड'ने जोडलेल्या असतात. झालं.

इथे एक गंमत सांगतो, कारण ती दरवर्षी घडते. मुलांना वाटतं 'अँड' लावला की जास्त मिळेल. रोजच्या बोलण्यात तसंच असतं ना, 'वही आणि पेन आण' म्हटलं की हातात दोन वस्तू येतात. डेटाबेसचा अँड म्हणजे असा एकच कागद आण, ज्यावर वहीचाही उल्लेख आहे आणि पेनचाही. म्हणून प्रत्येक अँडगणिक निकाल घटतात आणि ऑरगणिक वाढतात. हे तर्कशास्त्र जॉर्ज बूल नावाच्या गणितज्ञाचं, त्याचं मुख्य पुस्तक १८५४ सालचं. बिचारा १८६४ मध्ये गेला, विजेचा दिवासुद्धा घरोघरी यायचा होता, आणि आपली पोरं आजही त्याच्याच अँडला अडखळतात.

'नॉट'पासून मात्र मुलांना लांबच ठेवा. लहान मुलांवरचे लेख नकोत म्हणून 'नॉट चिल्ड्रेन' लिहिलं, की मोठ्यांची आणि लहानांची तुलना करणारा नेमका हवा तो लेखही जातो, आणि गेलेला दिसत नाही.

पण खरी मेख पुढे आहे. विद्यार्थ्याकडे असतात त्याचे शब्द, संशोधकांकडे त्यांचे. एक मुलगी म्हणाली, "सर, मला 'झोप लागत नाही' यावर नाही, 'झोपायचं असतं तरी उगाच जागत बसतो' यावर लिहायचंय." नीट शब्द सापडेना. साधा शोध लावला, पहिले दहा-बारा सारांश नुसते चाळायला सांगितले. सातव्या-आठव्यात तिला 'बेडटाइम प्रोक्रॅस्टिनेशन' दिसलं आणि खुर्चीतून उठलीच! हा शब्द संशोधनात आणला २०१४ साली काही डच संशोधकांनी. तो चौकटीत टाकल्यावर तिच्यापुढे अख्खं दालन उघडलं. आणि त्याच शब्दाने २००५ चं काही शोधशील तर मिळणार नाही, कारण तेव्हा तो रुळलेलाच नव्हता, हेही तिला आपोआप समजलं.

तर पहिला शोध उत्तरासाठी नसतोच, शब्द गोळा करण्यासाठी असतो. लेखाच्या नोंदीत खाली विषयसंज्ञा, म्हणजे लेख कशावर आहे ते सांगणारे ठरावीक शब्द, दिलेल्या असतात, तिकडे मुलांची नजर जातच नाही. एक चांगला लेख मिळाला की त्याच्या विषयसंज्ञा उतरवून घ्यायच्या आणि त्यांनी पुन्हा शोधायचं.

रोखठोक_रविवार

एवढा खटाटोप कशाला? संशोधन-लेख शोधायला गूगल स्कॉलर आहे की. एक चौकट, फुकट, कुठूनही. मी अख्खा पीएचडी त्याच्यावर काढला. ग्रंथालयवाल्यांना आपली वर्गणी समर्थनीय ठरवायची असते म्हणून हे चाललंय असं माझं प्रामाणिक मत.

जुनी_नोंदपत्रिका

रविवारराव, स्कॉलर मीही रोज वापरतो. २००४ च्या नोव्हेंबरात आलं तेव्हा आमच्यात सुतकच पडलं होतं. आता वाटतं, उगाच. लेखाचं नाव माहीत असेल तर त्याच्याइतकं झटपट काही नाही. आणि 'सायटेड बाय' ही तर सोन्याची खाण. जुना चांगला लेख पकडून त्याला पुढे कोणी कोणी आधार मानलं ते बघत आजपर्यंत यायचं. मुलांना सेटिंग्जमध्ये 'लायब्ररी लिंक्स'मध्ये आपल्या ग्रंथालयाचं नाव जोडायला सांगा (ग्रंथालयाने आपल्या बाजूने ती सोय चालू केलेली असली पाहिजे). मग वर्गणीतल्या पेपरांशेजारी थेट दुवा दिसतो.

पण पीएचडीवाल्याला काय सोडायचं ते कळतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला तिथे प्रबंध, अप्रकाशित मसुदे, परिषदेतले निबंध आणि तपासलेले लेख एकाच ओळीत दिसतात, आणि फक्त पीअर रिव्ह्यू झालेले (छापण्याआधी त्या विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेले) दाखव असं सांगायची सोय नाही. लाखभर निकाल आलेत असं वर लिहिलं तरी प्रत्यक्षात पहिले हजारच बघता येतात. तारांकन लावून शब्दाची सगळी रूपं शोधायची, म्हणजे 'ॲडोलेसन*' लिहून ॲडोलेसन्स आणि ॲडोलेसंट दोन्ही पकडायचे, तेही चालत नाही. दोन्ही वापरावं, भांडण नाही.

नाडीपरीक्षा

वैद्यकवाल्यांसाठी थोडी भर. पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस १९९७ पासून सगळ्यांना फुकट आहे, कुठल्याही कॉलेजचा पासवर्ड लागत नाही, हे आमच्याही मुलांना माहीत नसतं. त्याच्यामागे मेश नावाची विषयसंज्ञांची यादी आहे, १९६० पासून चालत आलेली. तुम्ही 'हार्ट अटॅक' लिहिलंत तरी ते गुपचूप त्याचं वैद्यकीय नाव 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' धरूनही शोधतं. मात्र अवतरणचिन्हांत टाकलंत की हा मनकवडेपणा बंद, फक्त तेच दोन शब्द जसेच्या तसे. 'नेहमी अवतरणचिन्हं वापरा' असं सरसकट शिकवतात ना, ते इथे अंगाशी येतं. प्रगत शोधात इतिहासाखाली 'डिटेल्स' असतं, त्यात त्याने तुमच्या शब्दांचं काय केलं ते सगळं उलगडून दाखवतं. मुलांना ते एकदा तरी वाचायला लावा.

आणखी एक, हे मनावर घ्याच. मागे घेतलेले लेख. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा तो कुप्रसिद्ध पेपर १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला, २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. पबमेडवर नोंद उघडली की 'रिट्रॅक्टेड' अशी ठळक सूचना समोर येते. पण कुणीतरी कधीकाळी उतरवून ठेवलेली पीडीएफ ग्रुपवर फिरत आली असेल तर तिच्यावर तो शिक्का कुठून असणार? म्हणून ग्रुपवरून आलेला पेपर वापरण्याआधी त्याची मूळ नोंद एकदा उघडून बघायची.

दप्तरदिरंगाई

वाचनखूण साठवली.

आमच्या इतिहासवाल्यांची वेगळी रड. पोरं जेस्टोर हा डेटाबेस उघडतात आणि "सर, यात नवीन काहीच नाही" म्हणतात. जेस्टोर १९९५ मध्ये उभं राहिलं तेच मुळी जर्नलांचे जुने अंक जपायला. कित्येक जर्नलांचे ताजे तीन ते पाच वर्षांचे अंक तिथे नसतात, ही मर्यादेची भिंत दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकते. ताज्या लेखासाठी दुसरीकडे जायचं, हे कुणी सांगितलं तर ना. शिवाय तिथला शोध अख्ख्या मजकुरात चालतो, त्यामुळे तळटीपेत एकदा शब्द आला तरी लेख निकालात हजर. शोध शीर्षकापुरता किंवा सारांशापुरता बांधून घातला की गाळ खाली बसतो. फक्त सारांश सगळ्याच लेखांना नसतात, म्हणून दोन्ही करून बघावं.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे आभार. वही-पेन मी उद्याच वर्गात वापरणार. पण माझ्याकडे तास एकच आहे. अँड-ऑर, विषयसंज्ञा, लॉगिन, पबमेड, मागे घेतलेले लेख, संदर्भ कसे लिहायचे... यातलं गाळू काय?

जुनी_नोंदपत्रिका

फेरफटका गाळा. डेटाबेस एकच दाखवा, तुमच्या विषयाला जवळचा. बाकीच्यांची नावं एका कागदावर द्या.

तास पहिल्या आठवड्यातून उचला आणि विषय ठरल्यानंतरच्या आठवड्यात टाका. शेवटचा_बाक यांनी नस पकडली आहे. ज्याला तहानच नाही त्याला विहीर कुठे ते सांगून काय उपयोग?

आणि घरून जमवून आणलेला शोध दाखवू नका. ही चूक मी कितीतरी वर्षं केली. आदल्या दिवशी शोध घोटून ठेवायचा, वर्गात टाइप केला की सुंदर चाळीस निकाल. मुलांना वाटायचं, सरांना जमतं, आपल्याला जमत नाही. एकदा इंटरनेट रेंगाळलं, पाठ केलेला शोध विसरलो, आणि वर्गासमोर शब्द बदलत चार वेळा फसलो. त्या दिवशी पहिल्यांदा मुलांनी ओरडून शब्द सुचवले. तेव्हापासून मी ठरवून फसतो.

'फुल टेक्स्ट' या चौकोनावर खूण करायची सवय तेवढी मोडा. मुलांना वाटतं, खूण केली नाही तर वाचायला मिळणार नाही. उलट खूण केली की त्याच डेटाबेसमध्ये पूर्ण मजकूर असलेलेच लेख उरतात. बाकीचे कदाचित तुमच्याच ग्रंथालयाच्या दुसऱ्या वर्गणीत असतात, नोंदीवरच्या बटणाने तिकडे जाता येतं. तिथेही नसेल तर कधीकधी लेखकाने स्वतःच्या पानावर खुला ठेवलेला असतो. अनपेवॉल नावाचं ब्राउझरचं एक फुकट जोडकाम (एक्स्टेन्शन) आहे, अशी कायदेशीर खुली प्रत असेल तर ते कुलूप उघडं दाखवतं. तेही नाही जमलं तर ग्रंथपालाकडे जा आणि दुसऱ्या ग्रंथालयातून मागवायला सांगा. आम्ही चावत नाही.

कुंपणावरचा

अवांतर पण उपयोगी. होस्टेलात असताना एका उत्साही मित्राने एका जर्नलचे सगळे अंक एका रात्रीत उतरवायला छोटी स्क्रिप्ट लावली. सकाळी प्रकाशकाने अख्ख्या कॉलेजचाच प्रवेश बंद केलेला. ऐन प्रबंध जमा करायच्या आठवड्यात. वरच्या वर्गातले लोक कोणाला शोधत होते ते आम्हाला माहीत होतं. आम्ही जिना बदलून जेवायला जायचो. तेव्हा मुलांना सांगा, हवे तेवढे वाचा, पण पोत्याने भरू नका.

रोखठोक_रविवार

जिना बदलून, हा हा!

बरं, वर्गणीवाला टोमणा मागे घेतो. पण चॅटबॉटचं काय? बंदी घालून कुणी थांबणार नाही.

नाडीपरीक्षा

बंदी नकोच. शब्द सुचवायला उत्तम आहे तो. 'उगाच जागत बसणं याला संशोधनात काय म्हणतात?' हे विचारावं, मिळालेले शब्द डेटाबेसमध्ये टाकावेत. खोटा शब्द असेल तर काही सापडणार नाही, फारसं नुकसान नाही. संदर्भांची यादी मात्र मागू नये. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले न्यायालयात सादर केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. ते तर वकील होते.

तपासायला सोपी युक्ती म्हणजे डीओआय, लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक. '१०' आणि टिंबाने सुरू होणारा तो लांबलचक क्रमांक डीओआय डॉट ओआरजीपुढे चिकटवायचा. लेख उघडला आणि तोच उघडला, तर ठीक. 'तोच' महत्त्वाचं, कारण रचलेल्या यादीत खरा डीओआय भलत्याच लेखाचाही असतो. जुन्या लेखांना काही वेळा डीओआय नसतो, तेव्हा जर्नलचा अंक उघडून पान बघायचं.

मधली_सुट्टी

तीन आठवड्यांनी धागा वर काढते.

तास पुढे ढकलला. ग्रंथपालांना आधी पटलं नाही, म्हणाले डेटाबेसवाल्यांना वर्षाअखेर वापराचे आकडे दाखवायचे असतात, सगळे दाखवायला हवेत. मग म्हणाले, एकदा करून बघू. एकच डेटाबेस घेतला. विषय वर्गातून मागितला. मागून एक मुलगी म्हणाली, "परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो, त्यावर." मी खरंच तयारी केली नव्हती. 'एक्झाम फिअर' टाकलं, अगदीच तुरळक. 'एक्झाम टेन्शन', त्याहून कमी. वर्गात खसखस. मी म्हटलं, आता तुम्ही सांगा. कुणी 'स्ट्रेस' म्हणालं, निकाल हजारांत, नर्सच्या कामाच्या ताणापासून सगळं. मग पहिल्या पानावरच्या एका लेखाच्या विषयसंज्ञा त्या मुलीने स्वतः वाचल्या आणि ओरडली, "टेस्ट अँग्झायटी!" तो घेतला, अंडरग्रॅज्युएट्स जोडलं, आणि पडद्यावर आले ते लेख ती पुढे सरकून वाचायला लागली. याला बावीस मिनिटं लागली. उरलेल्या वेळात प्रत्येकाने आपापल्या विषयाचा कागद केला, मी आणि ग्रंथपाल बाकाबाकांतून फिरलो.

निबंधासोबत या वेळी एक पान जास्तीचं मागितलं आहे, कोणते शब्द टाकले, किती आलं, मग काय बदललं. गुण त्यालाही. मोबाईल-झोपवाल्या मुलाचं ते पान माझ्यासमोर आहे. पाच प्रयत्न लिहिलेत. तिसऱ्यापुढे लिहिलंय, 'नॉट वापरला, चूक झाली.'

सगळं गोड नाही. दोघांनी शब्दांचं पान आधी निबंध लिहून मग मागून रचलंय, सरळ दिसतं. आणि गाद्यांचं संकेतस्थळ याही वेळी एकाच्या यादीत आहेच.

शेवटचा_बाक

मॅडम, तुमच्या वर्गात बदली मिळेल का?

एक अडचण. परवा ग्रंथालयातून चांगला लेख मिळाला, वरचा पत्ता कॉपी करून स्वतःलाच मेल केला. आज उघडतोय तर 'सेशन एक्स्पायर्ड'. लेखाचं नावही आठवत नाही. सहा पत्ते आहेत असे, सगळे मेलेले. काही होऊ शकतं का?

जुनी_नोंदपत्रिका

वरचा पत्ता म्हणजे त्या दिवसापुरतं तिकीट. पुन्हा असं होऊ नये म्हणून लेखाच्या नोंदीवर 'परमालिंक' नाहीतर 'शेअर' बटण शोधायचं, तो पत्ता टिकतो. डीओआय असेल तर सगळ्यात बरं. किंवा झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवून घ्या, फुकट आहे, २००६ पासून चालू आहे. एक बटण दाबलं की लेखाचं नाव, लेखक, अंक सगळं उचलून ठेवतं, शेवटी संदर्भसूचीही तेच लिहून देतं. फक्त सूची जमा करण्याआधी नजर फिरवा, मोठी-छोटी अक्षरं चुकवतं.

मेलेल्या सहांसाठी ते पत्ते इकडे-तिकडे न टाकता नीट वाचा. लांबलचक असतात, पण काहींच्या पोटात 'एएन' अशा अक्षरांपुढे नोंदीचा क्रमांक असतो, काहींत डीओआयच असतो. तो त्याच डेटाबेसच्या शोधचौकटीत टाका. आणि ब्राउझरचा इतिहास परवाच्या तारखेवर जाऊन बघा, टॅबवर लेखाचं नाव असायचं, ते तिथे राहिलेलं असतं. ग्रंथालयाच्या संगणकावर उघडलं असेल तर मात्र तो पुसला गेला असेल.

शेवटचा_बाक

चार मिळाले! दोन ग्रंथालयाच्या संगणकावरचेच होते. उद्या जाऊन पुन्हा शोधतो, शब्द वहीत आहेत.